जुन्या संगणकावर चोवीस इंची रुंद मॉनिटर: डीटीपीच्या (संगणकावर पाने लावण्याच्या) कामातून एक परीक्षण

दहा हजार रुपयांच्या आत मिळणारा, २३.८ इंची, १९२० × १०८० पिक्सेलचा, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी रंग न बदलणाऱ्या पडद्याचा) रुंद मॉनिटर जुन्या संगणकाला जोडून समाधानाने वापरता येतो का, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या होकाराचे श्रेय मॉनिटरपेक्षा केबल, ड्रायव्हर (विंडोजला एखादा भाग चालवायला शिकवणारा कार्यक्रम) आणि संगणकातील ग्राफिक्स चिप यांना अधिक द्यावे लागते. मॉनिटरची जी परीक्षणे एरवी वाचायला मिळतात, ती नव्या संगणकाला जोडून केलेली असतात आणि त्यांत रंगांची अचूकता, प्रतिसादाचा वेळ आणि खेळांसाठी लागणारे हर्ट्झ यांचीच चर्चा असते. तोच मॉनिटर जुन्या संगणकावर पहिल्या दिवशी असे काही चित्र दाखवतो, की घेणारा खोके पुन्हा बांधून दुकानाकडे निघावा. याच मापाचे आणि जवळजवळ याच गुणांचे मॉनिटर अनेक कंपन्यांच्या नावाने विकले जातात, त्यामुळे पुढील बहुतेक मजकूर त्या सगळ्यांनाच लागू पडेल.

ज्या संगणकावर हा मॉनिटर लावला तो इंटेलच्या जी-३१ चिपसेटचा आहे, म्हणजे त्याची ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच आहे. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, विंडोज ७ ची ३२-बिट आवृत्ती, आणि मागच्या बाजूला चित्रासाठी एकच निळे व्हीजीए सॉकेट. असा संगणक कोणी का सांभाळून ठेवतो, हे पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पाने लावण्याचे काम करणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. पाने लावण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मधली; मराठी टंकनाच्या श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या जुन्या आवृत्त्या आणि त्यांचे हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडल्यावाचून सॉफ्टवेअर चालू न देणारे उपकरण) ज्या संगणकावर सुखाने नांदतात, तो संगणक बदलणे म्हणजे युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉन्टमध्ये लावलेल्या वर्षानुवर्षांच्या पुस्तकांचे पुनर्मुद्रण संकटात टाकणे. विंडोज ७ ला मिळणारे सुरक्षा अद्ययावतीकरण १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, म्हणून हा संगणक इंटरनेटला जोडलेला नाही. ही गोष्ट पुढे ड्रायव्हरच्या वेळी आडवी येते.

खरेदीपूर्वी मापांचा विचार केला पाहिजे, आणि येथे जाहिरातीतील इंच फसवे ठरतात. जुना सतरा इंची मॉनिटर ५:४ प्रमाणाचा होता, म्हणजे त्याचा पडदा साधारण ३३.७ सेंटिमीटर रुंद आणि २७ सेंटिमीटर उंच होता. २१.५ इंची रुंद मॉनिटर, ज्याला दुकानदार बावीस इंची म्हणतात, ४७.६ सेंटिमीटर रुंद असला तरी त्याची उंची २६.८ सेंटिमीटरच भरते. थोडक्यात, सतरावरून बावीसवर गेलेल्या माणसाला उभ्या पानासाठी एक मिलिमीटरही अधिक मिळत नाही, उलट किंचित घटच होते. २३.८ इंची पडद्याची उंची २९.६ सेंटिमीटर येते, म्हणजे ए-फोरच्या २९.७ सेंटिमीटर उंचीशी जवळजवळ तंतोतंत. पिक्सेलच्या हिशेबातही उभ्या दिशेने १०२४ वरून १०८० पर्यंतच मजल जाते. खरा लाभ आडवा आहे: समोरासमोरची दोन पाने एकाच वेळी वाचता येतील अशी दिसतात आणि पेजमेकरच्या तरंगत्या पट्ट्या पानावरून उचलून बाजूला ठेवता येतात. दिवाळी अंकाच्या दिवसांत या सोयीची किंमत कळते. ज्यांचे काम एकेका उभ्या पानाचे आहे, त्यांनी मात्र हा मॉनिटर घेऊन फार मोठा बदल होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

यापेक्षा मोठ्या किंवा अधिक दाट पडद्याचा मोह जुन्या संगणकासाठी टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. सतरा इंची मॉनिटरवर एका इंचात सुमारे ९६ पिक्सेल बसत होते, या मॉनिटरवर सुमारे ९२.५ बसतात, त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरमधील चिन्हे आणि मेनू पूर्वीपेक्षा नखभर मोठेच दिसतात आणि डोळ्यांना त्रास होत नाही. २७ इंची २५६० × १४४० किंवा फोर-के पडद्यावर हीच चिन्हे बारीक होत जातात आणि पेजमेकरसारख्या जुन्या कार्यक्रमाला ती मोठी करून दाखवण्याची विद्या अवगत नाही.

पहिल्या जोडणीत चित्र आले ते १०२४ × ७६८ चे, आणि मॉनिटरने ते संपूर्ण पडदाभर ताणले. ४:३ प्रमाणाचे चित्र १६:९ पडद्यावर ताणले की प्रत्येक वस्तू तिच्या उंचीच्या मानाने एक तृतीयांशाने अधिक रुंद होते. वर्तुळाचे अंडे झालेले सर्वांनाच दिसते, पण पान लावणाऱ्याला त्याहून विचित्र गोष्ट दिसते: २१० × २९७ मिलिमीटरचे ए-फोर पान २८० × २९७ च्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ चौकोनी भासू लागते, आणि अठरा पॉइंटचे शीर्षक कोणीतरी रुंदी वाढवून बसवल्यासारखे दिसते. या अवस्थेत स्तंभांच्या रुंदीविषयी घेतलेला कोणताही निर्णय विश्वसनीय नसतो. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमध्ये चित्राचे प्रमाण ४:३ ठेवण्याचा पर्याय आहे. तो निवडला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि आकार सरळ होतात. तात्पुरती सोय म्हणून तो ठीक आहे, पण मग रुंद पडदा घेतला कशासाठी, असा प्रश्न उरतोच.

विंडोजच्या यादीत १९२० × १०८० हा पर्याय दिसत नव्हता, आणि मॉनिटरचे नावही येत नव्हते. त्याच्या जागी ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असे लिहिलेले होते. हे शब्द दिसले की ड्रायव्हरच्या मागे लागण्यापूर्वी केबल तपासावी. व्हीजीए जोडणी १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर आली आणि तिच्या पंधरा पिनांपैकी लाल, हिरवा, निळा आणि दोन समकालन संकेत एवढ्यांवरच चित्र उमटू शकते. पण १२ आणि १५ क्रमांकांच्या पिनांवरून मॉनिटर आपली ओळख संगणकाला सांगतो: १२८ बाइटची एक छोटी नोंद, जिला ईडीआयडी म्हणतात आणि जिच्यात पडद्याचे माप, चालणारी रिझोल्यूशन (आडव्या-उभ्या पिक्सेलची संख्या) आणि त्यांचे नेमके वेळापत्रक, म्हणजे पिक्सेल कोणत्या गतीने पाठवायचे ते, असते. स्वस्त केबलमध्ये या दोन पिनांच्या तारा पुष्कळदा घातलेल्याच नसतात. सतरा इंची मॉनिटरच्या काळात त्यावाचून फारसे अडत नसे, कारण संगणक अंदाजाने जी रिझोल्यूशन देऊ करी त्यांत १०२४ × ७६८ आणि १२८० × १०२४ असतच. रुंद पडद्याचे रिझोल्यूशन त्या अंदाजात बसत नाही, आणि तीच केबल, जी वर्षानुवर्षे निर्वेध चालली, आता आडकाठी बनते.

या मॉनिटरच्या खोक्यात फक्त एचडीएमआय या नव्या, डिजिटल जोडणीची केबल येते, व्हीजीए केबल येत नाही. हा माझा कंपनीवरचा पहिला आक्षेप, कारण मागे व्हीजीए सॉकेट द्यायचे आणि केबल मात्र जुनीच वापरायला लावायची यात ग्राहकाची पंचाईत होते. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत चांगली केबल सहज मिळते. घेताना दोन्ही टोकांच्या पिना मोजाव्यात. मधल्या ओळीतील नववी पिन नसणे चालते, बाकी सर्व असाव्यात. पिन दिसते म्हणजे आत तार आहेच असे नाही, म्हणून बदलून देण्याचे आधी कबूल करून घेतलेले बरे. केबल दोन्ही टोकांना जाड फेराइटचे (विजेचा गोंगाट अडवणाऱ्या पदार्थाचे) नळकांडे असलेली आणि दीड मीटरपेक्षा लांब नसलेली असावी, याचे कारण पुढे येईल. नवी केबल लावताच मॉनिटरचे खरे नाव यादीत आले.

ड्रायव्हरची कथा थोडक्यात सांगता येते. विंडोज ७ या चिपसाठी स्वतःच एक ड्रायव्हर बसवते, ज्याच्या नावापुढे मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन असे लिहिलेले असते. त्याच्याऐवजी इंटेलचा स्वतःचा शेवटचा ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणला आणि बसवला. ३२-बिट आणि ६४-बिट यांची गल्लत होऊ देऊ नये, आणि ड्रायव्हर उतरवून देणारी जी अनोळखी संकेतस्थळे शोधात वर येतात त्यांच्या वाटेला जाऊ नये. यानंतरही हवे ते रिझोल्यूशन दिसले नाही, तर ‘अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मधील ‘लिस्ट ऑल मोड्स’ हे बटण दाबून पाहावे. ज्यांनी अशा जुन्या संगणकावर लिनक्स बसवले आहे त्यांना हे काम एक्सरँडर या आज्ञेने हाताने करता येते. तेथे एक गंमत आहे: १३६६ × ७६८ च्या पडद्यासाठी सीव्हीटी ही आज्ञा वेळापत्रक मागितल्यावर १३६८ चे देते, कारण तिच्या हिशेबात रुंदी आठने भागली गेली पाहिजे. बरेच जुने ड्रायव्हर १३६० वर थांबत असत ते याच कारणाने, आणि म्हणून स्वस्त म्हणून १३६६ चा मॉनिटर घेण्यापेक्षा १९२० चा घेतलेला बरा. १९२० ला आठने नीट भाग जातो.

आता मुख्य प्रश्न: १९२० × १०८० मिळाल्यावर व्हीजीएमार्गे अक्षर कसे दिसते? व्हीजीए ही अॅनालॉग जोडणी आहे. संगणक पिक्सेलच्या रंगांचे रूपांतर सतत बदलत्या व्होल्टेजमध्ये करतो आणि मॉनिटर त्या लहरीचे पुन्हा तुकडे पाडतो. १२८० × १०२४ ला ६० हर्ट्झवर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला सुमारे ९.३ नॅनोसेकंद येत होते. १९२० × १०८० ला ते सुमारे ६.७ वर येतात. तुकडा पाडण्याची वेळ किंचित चुकली, किंवा केबल लांब आणि हलकी असली, की एका पिक्सेलचा रंग शेजारच्यात सांडतो. ही चूक नेहमी आडव्या दिशेने होते, उभ्या दिशेने नाही, आणि मराठी मजकुरावर तिचा परिणाम ठळकपणे ओळखता येतो: शिरोरेषा काळी, सरळ आणि स्वच्छ दिसते, पण काना आणि अक्षरांचे उभे दंड यांच्या उजव्या बाजूला फिकट सावली पडते. बारा पॉइंटला ‘प’ आणि ‘ष’ वेगळे ओळखायला क्षणभर थांबावे लागते. क्लिअरटाइप ही अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी विंडोजची सोय चालू असेल तर त्या सावलीला रंगीत कडही येते. मुद्रितशोधन पडद्यावर करणाऱ्यासाठी ही लहान बाब नाही.

मॉनिटरवरील ‘ऑटो अॅडजस्ट’ने यातील बरेचसे सुटते, पण ते योग्य चित्र समोर असताना दाबले पाहिजे. मॉनिटर चित्राच्या कडा शोधून आपली जागा ठरवतो. काळ्या किंवा गडद पार्श्वभूमीवर त्याला कडा सापडत नाहीत आणि सगळे चित्र एका बाजूला सरकून बसते. पडदाभर पांढरे पान उघडून, त्यावर मजकूर असताना बटण दाबावे. त्यानेही समाधान झाले नाही तर मेनूतील क्लॉक (तुकडे पाडण्याचा वेग) आणि फेज (तुकडा पाडण्याचा नेमका क्षण) ही दोन मूल्ये हाताने लावावीत. त्यासाठी एक काळी आणि एक पांढरी अशा एकेक पिक्सेल रुंदीच्या उभ्या रेषांचे चित्र पडदाभर उघडायचे. क्लॉक चुकलेले असेल तर त्यावर रुंद करड्या पट्ट्या उमटतात, त्या नाहीशा होईपर्यंत क्लॉक हलवायचे, आणि मग उरलेली थरथर थांबेपर्यंत फेज. या मॉनिटरच्या मेनूची बटणे खालच्या कडेला, आतल्या बाजूला असल्याने ती चाचपडत दाबावी लागतात आणि या कामात चिडचिड होते. तरीही शेवटी मिळालेले अक्षर वाचनीय होते. पत्रव्यवहार, हिशेब, लग्नपत्रिकेची जुळणी यांसाठी तेवढे पुरे आहे. पुस्तकाच्या कामाला मी त्याला दहापैकी सहा गुण देईन.

उरलेले चार गुण मिळवण्याचा मार्ग ग्राफिक्स कार्डातून जातो. जी-३१ च्या बहुतेक मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसची मोठी खाच असते, आणि एनव्हिडियाच्या जीटी ७१० सारखे तीन-चार हजारांच्या घरातले, पंख्याविना चालणारे कार्ड तिच्यात बसते; १९ वॉटांत भागणारे असल्याने जुना एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलावा लागत नाही. कॅबिनेट बुटके असेल तर कार्ड बसवण्याची आखूड धातूची पट्टी खोक्यात आहे का ते पाहावे. ३२-बिट विंडोजसाठी एनव्हिडियाने ३९० या मालिकेनंतर नवे ड्रायव्हर काढणे थांबवले आहे, त्यामुळे त्या मालिकेतील ड्रायव्हर शोधून आधीच जवळ ठेवावा. २००४ च्या आधीच्या मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेस नसून एजीपी या जुन्या प्रकारची खाच असते आणि तेथे हा मार्ग बंद होतो. असा संगणक असेल तर व्हीजीएवरच समाधान मानावे.

कार्ड बसवून एचडीएमआय केबल जोडली की कान्याशेजारची सावली एका झटक्यात जाते, कारण आता पिक्सेलचे आकडे जसेच्या तसे मॉनिटरपर्यंत पोहोचतात. परंतु येथेही पहिले चित्र बिनचूक येईल असे समजू नये. एचडीएमआयवरून १९२० × १०८० जाताना समोर दूरचित्रवाणी संच आहे असे धरून चालण्याची सवय कार्डांना आणि मॉनिटरांनाही असते. त्यातून दोन गोष्टी घडतात. एक तर चित्राच्या कडा पडद्याबाहेर जातात किंवा चारही बाजूंनी काळी चौकट राहते; मॉनिटरच्या मेनूमधील ओव्हरस्कॅन बंद करून आणि कार्डाच्या नियंत्रण पटलात आकार न बदलण्याचा पर्याय निवडून ते सरळ होते. दुसरी गोष्ट अधिक लपलेली आहे: रंग ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ या मर्यादित पट्ट्यात पाठवले जातात, आणि काळी शाई करडी, पांढरा कागद मळकट दिसतो. पुष्कळांना हा पॅनेलचा दोष वाटतो. नियंत्रण पटलात ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ पूर्ण केली की काळा रंग काळा होतो. या दोन दुरुस्त्यांनंतर जे चित्र मिळाले, त्यात आणि नव्या संगणकावरच्या चित्रात मला फरक सांगता आला नाही.

ज्यांच्या मॉनिटरला व्हीजीए सॉकेटच नाही आणि संगणकात कार्ड बसवण्याची सोय नाही, त्यांच्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. येथे दिशा महत्त्वाची आहे. बाजारात अधिक खपतो तो एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा, म्हणजे नवा लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला जोडणारा. आपल्याला लागतो तो उलट दिशेचा, आणि एकाचे काम दुसरा करत नाही. योग्य कन्व्हर्टरला बहुधा यूएसबीवरून वीजही द्यावी लागते. अॅनालॉग लहरीचे तुकडे पाडण्याचे काम आता मॉनिटरऐवजी तो स्वस्त डबा करतो, त्यामुळे फेज हाताने लावण्याची सोयही जाते; म्हणून याला मी शेवटचा पर्याय मानतो. २१:९ प्रमाणाचे २५६० × १०८० चे अतिरुंद मॉनिटर याच कारणाने नाकारावे लागतात. जी-३१ ची चिप व्हीजीएवर २०४८ × १५३६ इतके चित्र देऊ शकते, म्हणजे एकूण पिक्सेलच्या हिशेबात क्षमता तोकडी नाही, पण २५६० ची रुंदी त्यात बसत नाही, आणि त्या मॉनिटरांना बहुधा एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट एवढीच सॉकेट असतात.

मॉनिटर म्हणून स्वतंत्रपणे पाहता पॅनेल चांगले आहे. बाजूने बसलेल्या ग्राहकालाही मुखपृष्ठाचे रंग जवळजवळ तसेच दिसतात, आणि पडदा चकाकणारा नसल्याने खिडकीचे प्रतिबिंब पडत नाही. खोक्यावर मिरवलेले १०० हर्ट्झ जुन्या संगणकावर व्हीजीएमार्गे मिळत नाहीत, ६० वर काम चालते, आणि पाने लावायला त्याहून अधिक लागतही नाहीत. स्टँड मात्र निराशाजनक आहे. तो पुढे-मागे कलतो, पण उंची बदलत नाही आणि पडदा उभा फिरवता येत नाही. मागे भिंतीवर किंवा टेबलाला लावायच्या धातूच्या हातावर बसवण्यासाठी स्क्रूची छिद्रे आहेत, त्यामुळे वेगळा हात घेऊन पडदा उभा करता येतो आणि मग १०८० × १९२० मध्ये ए-फोर पान सुरेख दिसते. पण तसे करायचे असेल तर एचडीएमआयच हवे: व्हीजीएवर असलेली आडवी सावली पडदा फिरवल्यावर उभी होते आणि तोवर स्वच्छ असलेली शिरोरेषाच नेमकी पसरू लागते.

बिलावर मॉनिटरचा सीरियल नंबर लिहून घ्यावा, वॉरंटीत पॅनेल धरलेले आहे का ते विचारावे, आणि बंद पडलेल्या पिक्सेलबाबत कंपनी किती पिक्सेलपर्यंत बदलून देण्यास नकार देते, हे पैसे देण्यापूर्वीच दुकानदाराकडून समजून घ्यावे. दुकानातल्या नव्या लॅपटॉपला जोडून पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा असे दोन पडदे पाहिले, म्हणजे पॅनेलची बाब तेथेच मिटते. घरी आल्यावर काही वाकडे दिसले, तर शोध केबलपासून सुरू करता येतो.